नाणं कोणाचं?



मोतीबिंदूचं काम झालं, बारीक अक्षर पुन्हा दिसू लागलं, म्हणून बऱ्याच दिवसांनी इथे लिहायला बसले आहे. विषयही बारीक अक्षराचाच आहे. सव्वातीनशे वर्षांहून जुन्या, झिजलेल्या, काळ्या पडलेल्या एका चांदीच्या नाण्यावरच्या अक्षराचा.

बोस्टनजवळ राहणाऱ्या माझ्या भाच्याने "मावशी, हे तुझ्या आवडीचं," म्हणून २०२१ सालची एक बातमी पाठवली. अमेरिकेत ऱ्होड आयलंड नावाचं एक चिमुकलं राज्य आहे. तिथल्या मिडलटाउन गावातल्या एका फळबागेत २०१४ साली एका हौशी माणसाला मेटल डिटेक्टर फिरवताना हे नाणं सापडलं. लांब दांड्याला खाली थाळी बसवलेलं हे यंत्र जमिनीवरून फिरवायचं, मातीत धातू असला की ते आवाज करतं, मग खणायचं. तिकडे पुष्कळ लोकांना हा छंद आहे. खिळे, बटणं, बंदुकीच्या गोळ्या बख्खळ निघतात, नाणं क्वचित. हे निघालं तेव्हा त्या गृहस्थांना वाटलं की स्पॅनिश असेल, नाहीतर मॅसॅच्युसेट्स वसाहतीचं. नीट पाहिलं तर अक्षरं अरबी! शोध घेतल्यावर ते १६९३ साली येमेनमध्ये पाडलेलं नाणं ठरलं. तिथून पुढे त्यांनी कित्येक वर्षं कागदपत्रं धुंडाळली आणि निष्कर्ष काढला की हे नाणं हेन्री एव्हरी नावाच्या इंग्रज चाच्याच्या टोळीने इथे आणलं. बातमी जगभर गेली ती याच रूपात. चाच्याचा खजिना सापडला!

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पुढे वाचायला वेळ नाही त्यांची सुटका. नाण्याची ओळख पटली, हे मला मान्य आहे. पण त्या ओळखीला जे नाव चिकटवलं ते मालकाचं नाही, चोराचं आहे. आणि तेही पुराव्यात बसतं त्यापेक्षा जरा जास्त ठामपणे चिकटवलं आहे.

आता सावकाश.

हातोड्याने पाडलेलं नाणं म्हणजे काय, ते आधी पाहू. चांदीचा मोजून तोललेला तुकडा चपटा करायचा, खालच्या ठशावर ठेवायचा, वरचा ठसा हातात धरायचा आणि वर घाव घालायचा. यंत्रासारखी एकसारखी नाणी यातून निघणं शक्यच नाही. कडा वेड्यावाकड्या, छाप एका बाजूला सरकलेला. आपल्याकडच्या मोगल रुपयांतही पाहा, ठसा मोठा आणि चांदीचा तुकडा लहान, त्यामुळे मजकुराचा काही भागच नाण्यावर उतरतो. म्हणजे अशा नाण्यावरून अक्षर दोन तऱ्हांनी गेलेलं असतं. एक कधी उमटलंच नाही, आणि दुसरं उमटलं होतं पण हजारो बोटांनी, थैल्यांनी, नंतर मातीने झिजवलं. वाचणाऱ्याने हे दोन वेगळे ओळखायचे असतात. न उमटलेलं अक्षर कडेशी कापल्यासारखं तुटतं. झिजलेलं अक्षर मात्र हळूहळू विरतं, उंच भाग आधी जातो आणि खोलगट जागी त्याचा मागमूस उरतो. नाणं तिरप्या उजेडात धरून फिरवलं की हा मागमूस सावलीसारखा दिसतो. आणि घासून लख्ख मात्र कधी करू नये! चिंच आणि रांगोळी आपल्या समईला ठीक आहे. जुन्या नाण्याचं उरलंसुरलं अक्षर त्यात धुऊन निघेल.

अरबी नाण्यावर चित्र बहुधा नसतं, अक्षरच असतं. राज्यकर्त्याची बिरुदं, टांकसाळीचं गाव, हिजरी साल. त्या काळी येमेनमध्ये इमामांचं राज्य होतं. साल हिजरी असल्याने ते बदलून घ्यावं लागतं. हिजरी वर्ष चंद्राचं, सुमारे ३५४ दिवसांचं. त्यामुळे ३३ हिजरी वर्षांत साधारण ३२ सौर वर्षं बसतात. इसवी सन १६९३ मध्ये हिजरी ११०४ चे शेवटचे आणि ११०५ चे पहिले महिने येतात. शाळेत मी इतिहास शिकवताना मुलांकडून शक आणि इसवी सन यांची बेरीज-वजाबाकी करून घ्यायचे, तेव्हा हिजरीचंही एखादं गणित घालायचे. गणिताचे सर माझ्यावर रागवायचे. असो.

पेपर तपासणाऱ्या कुणालाही एक गोष्ट ठाऊक असते. उत्तर आधीच माहीत असलं की मुलाचं कसलंही अक्षर वाचता येतं! गिचमिड असली तरी आपला डोळा त्यात अपेक्षित शब्द बसवतो, मुलाने तो लिहिलेला असो वा नसो. झिजलेल्या नाण्याचंही हेच. म्हणून मला या शोधाची पहिली पायरी फार विश्वासार्ह वाटते. शोधणाऱ्याला स्पॅनिश किंवा तिथलंच स्थानिक नाणं अपेक्षित होतं, आणि नाण्याने ते ऐकलं नाही. अपेक्षेविरुद्ध जे वाचावं लागतं ते बहुधा खरं असतं. धातू, आकार (साधारण १८ मिलिमीटर, आपल्या जुन्या चाराण्यापेक्षा किंचित लहान), लिपी, देश, साल. इथपर्यंत सगळं नाण्यानेच सांगितलं.

पुढची पायरी म्हणजे हे तिथे आणलं कुणी? ते नाण्यावर लिहिलेलं नाही. तिथून वाचन संपतं आणि अंदाज सुरू होतो. अंदाज करू नये असं मी म्हणत नाही, पण शाई वेगळी वापरावी.

अंदाजाला आधार आहे तो मोठ्या गोष्टीचा, आणि ती गोष्ट आपल्या दाराशी घडलेली आहे. सप्टेंबर १६९५. गंज-इ-सवाई हे औरंगजेबाचं जहाज मक्केच्या यात्रेकरूंना आणि व्यापाऱ्यांना घेऊन सुरतेला परत येत होतं. सुरत बंदरातलं ते सर्वांत मोठं जहाज. खाफीखान या त्या काळच्या इतिहासकाराने लिहून ठेवलंय की त्यावर ८० तोफा होत्या आणि मोखा-जिद्दा इथे हिंदुस्थानी माल विकून आलेलं ५२ लाख रुपयांचं सोनं-चांदी होतं. (इंग्रज कंपनीचा आकडा पुष्कळ कमी, सव्वातीन लाख पौंड. लूट मोजताना ज्याचं गेलं तो आणि ज्याला भरून द्यावं लागेल तो, दोघांचे आकडे कधी जुळतात का!) एव्हरीने १६९४ मध्ये स्पेनच्या कोरुन्या बंदरात बंड करून एक इंग्रज जहाज पळवलं होतं, त्याला 'फॅन्सी' असं नवं नाव दिलं होतं, आणि तांबड्या समुद्राच्या तोंडाशी तो या जहाजांची वाट पाहत बसला होता. आधी त्याने सुरतेच्या अब्दुल गफूर या बड्या व्यापाऱ्याचं फतेह मुहम्मद लुटलं. मग गंज-इ-सवाई गाठलं. जहाजावरची एक तोफ स्वतःच फुटली, माणसं मेली, गोंधळ झाला, आणि चाचे वर चढले. पुढे कित्येक दिवस त्या जहाजावर जे चाललं ते मी इथे सविस्तर लिहीत नाही. नातवंडंही हे वाचतात. बायकांनी समुद्रात उड्या घेतल्या असं खाफीखान लिहितो, एवढं पुरे.

बादशहा त्या वेळी कुठे होता? दिल्लीत नाही, आग्ऱ्यात नाही. आपल्याकडे! मंगळवेढ्याजवळ भीमेच्या काठी ब्रह्मपुरीला त्याची छावणी होती, तिचं नाव त्याने इस्लामपुरी ठेवलं होतं. राजाराम महाराज जिंजीला, संताजी-धनाजी मोगलांना सळो की पळो करत होते, आणि त्यात हे. सुरतेच्या मोगल अधिकाऱ्याने तिथल्या इंग्रजांना, वखारीच्या प्रमुखासकट, बेड्या घालून कोंडलं. जंजिऱ्याच्या सिद्दीला मुंबईवर जायचा हुकूम झाला. इंग्रजांवर आणखीही एक राग होता, आणि तो नाण्याचाच होता. ते मुंबईत आपल्या राजाच्या नावाचे रुपये पाडत होते! शेवटी यात्रेकरूंच्या जहाजांना संरक्षण द्यायचं कंपनीने कबूल केलं तेव्हा प्रकरण निवळलं. आम्ही शाळेत औरंगजेबाची दक्षिणेतली पंचवीस वर्षं शिकवली, किल्ले शिकवले, वेढे शिकवले. या जहाजाचं नाव मात्र कधी धड्यात आलं नाही.

आता ऱ्होड आयलंडकडे परत. एव्हरी लूट घेऊन बहामा बेटांवर गेला, तिथल्या गव्हर्नरला त्याने भरपूर चारलं, आणि टोळी पांगली. त्याला पकडण्यासाठी सरकारने ५०० पौंडांचं इनाम लावलं, कंपनीने ते दुप्पट केलं, तरी तो जो नाहीसा झाला तो कायमचा. शोध घेणाऱ्या गृहस्थांचं म्हणणं असं की तो अमेरिकेच्या किनाऱ्याने आला. 'सी फ्लॉवर' नावाचं जहाज १६९६ मध्ये सुमारे चार डझन गुलाम घेऊन न्यूपोर्टला लागल्याच्या नोंदी आहेत. मिडलटाउन हे तेव्हा न्यूपोर्टचाच भाग होतं. गुलामांचा व्यापारी म्हणून वावरायचं, म्हणजे चाचेगिरीचा संशय नको, असं सोंग. (काय काळ होता! गुलाम विकणं हे अब्रूदार माणसाचं सोंग.) शिवाय नाणं एकच नाही. ते सापडल्यापासून २०२१ पर्यंत त्याच काळातली आणखी १५ अरबी नाणी सापडली होती. मॅसॅच्युसेट्समध्ये १०, ऱ्होड आयलंडमध्ये ३, कनेक्टिकटमध्ये २. शिवाय एक नॉर्थ कॅरोलायनात.

एवढी नाणी म्हणजे योगायोग नव्हे, हे मान्य. येमेनशी सरळ व्यापार म्हणावा तर अमेरिकन जहाजं मोख्याला कॉफीसाठी जाऊ लागली ती शंभरेक वर्षांनी. म्हणजे ही चांदी तांबड्या समुद्रातल्या लुटीतली असावी, इथपर्यंत मी येते. पण एव्हरीचीच कशावरून? १६९५ मध्ये त्याच्याबरोबर पाच दुसरी जहाजं होती आणि ती अमेरिकेच्या किनाऱ्यावरूनच आली होती. त्यातला थॉमस ट्यू तर न्यूपोर्टचा. तो आधीच्या एका सफरीत असंच एक जहाज लुटून १६९४ मध्ये गावी परतला होता, त्याच्या श्रीमंतीने गावाचे डोळे दिपले होते, आणि पुन्हा निघाला तेव्हा मागे लागलेल्यांची रांग होती. (या दुसऱ्या सफरीत फतेह मुहम्मदशी लढताना तो मारला गेला.) ज्या गावाची अर्धी पोरं त्या समुद्राकडे डोळे लावून बसली होती, तिथे एक येमेनी नाणं यायला एव्हरीने स्वतः कशाला यायला हवं? कुणाचाही काका, मेहुणा ते खिशात घालून आला असेल. नाण्यावरचं १६९३ हे साल एवढंच सांगतं की त्याआधी ते तिथे आलेलं नाही. नंतर कधी, कुणाकडून, याबद्दल नाणं गप्प आहे.

म्हणूनच त्या सगळ्या नाण्यांत मला एक वेगळं वाटतं. कनेक्टिकटमधलं एक २०१८ मध्ये सतराव्या शतकातल्या एका शेतघराचं रीतसर उत्खनन चालू असताना मिळालं. रीतसर म्हणजे थराथराने, कुठला थर, शेजारी काय, सगळं टिपत. त्या नाण्याला शेजारी आहेत, घर आहे, चूल असेल, मडकी असतील. नांगराने शंभरदा उलटलेल्या मातीतून यंत्राने टिपलेल्या नाण्याला यातलं काही नसतं. तरी त्या गृहस्थांचं कौतुक वाटतं मला. त्यांनी नाणं गुपचूप विकलं नाही, जागा सांगितली, वर्षानुवर्षं अभ्यास केला, लिहिलं, लोकांपुढे ठेवलं. आपल्याकडे १८७८ पासून कायदा आहे की दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. शेतात नांगराला लागलेली किती नाणी कलेक्टरकडे जातात आणि किती सराफाच्या मुशीत, हे तुम्हीच मनाशी ठरवा.

सराफ म्हटल्यावर आठवलं. सुरतेच्या बाजारात हे नाणं आलं असतं तर तिथल्या सराफाने ते बोटांत फिरवून, वाजवून, तोलून क्षणात ओळखलं असतं आणि त्यावर बट्टा लावला असता. नवा रुपया पुऱ्या भावाने, जुन्या सालाचा आणि झिजलेला रुपया बट्ट्याने. आपण अजून 'नावाला बट्टा लागला' म्हणतो तो हाच. सराफाला मालकाशी देणंघेणं नव्हतं. चोर आला काय, साव आला काय, तो चांदीच बघायचा. अमेरिकेतल्या वसाहतींतही चांदी इतकी दुर्मीळ होती की कुठल्याही देशाचं नाणं वजनावर चालून जायचं. न्यूपोर्टच्या दुकानदाराने अरबी अक्षराकडे पाहिलंही नसेल.

त्याने पाहिलं नाही ते एकवेळ समजू शकते. आपण का पाहू नये?

मोख्याच्या बाजारातला मोठा व्यवहार स्पॅनिश चांदीच्या मोठ्या नाण्यांत आणि सोन्यात चाले. व्यापाऱ्यांच्या पेट्या त्याने भरलेल्या असत. चाराण्याएवढं हे येमेनी नाणं त्यापुढे सुटे पैसे. सुटे पैसे पेटीत नसतात, माणसाच्या कमरेला असतात. खजूर घ्यायला, पाणी भरणाऱ्याला द्यायला, दानधर्माला. हा आता माझा अंदाज, आणि मी तो वेगळ्या शाईने लिहितेय असं समजा. पण मला वाटतं, हे नाणं अशाच कुणाच्या तरी कनवटीचं असावं. एखादी म्हातारी असेल, आयुष्यभर साठवून हजला गेलेली. उरलेले चार सुटे नातवाला दाखवायला ठेवलेले. पंढरीहून येताना आमची आजी चुरमुरे आणि उरलेली चिल्लर पदरात बांधून आणायची, तसंच.

हाही अंदाजच, मग एव्हरीच्या अंदाजापेक्षा यात काय बरं, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. लुटीचं नाणं म्हणून ते ओळखायचं असेल, तर ज्याने लुटलं त्याच्या नावाने आणि ज्याचं लुटलं गेलं त्याच्या नावाने, दोन्ही अंदाज सारखेच पक्के किंवा सारखेच कच्चे आहेत. मथळ्यात मात्र एकाचंच नाव येतं. समुद्री चाचा म्हटलं की लोकांना टोपी, पोपट आणि एक डोळा झाकलेला रुबाबदार गडी आठवतो. मुलांच्या वाढदिवसाला आता तसे केकही मिळतात! गंज-इ-सवाईवरच्या बायकांचा केक कोण करणार?

भाच्याला मी हे फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "मावशी, तू फार गंभीर करतेस. त्यांच्यामुळे निदान गंज-इ-सवाईचं नाव तरी लोकांना कळलं." त्याचं खोटं नाही. मलाही बारकावे कळले ते त्या बातमीचा माग काढत गेल्यावरच.

माग काढताना वाचलेली एक गोष्ट सांगून थांबते. टोळीतले सहा जण पकडले गेले आणि १६९६ मध्ये लंडनला त्यांच्यावर खटला झाला. पहिला आरोप गंज-इ-सवाई लुटल्याचा. ज्यूरीने निर्दोष सोडलं! सरकारची पंचाईत झाली, बादशहाला काय तोंड दाखवणार? मग कोरुन्याहून इंग्रज जहाज पळवल्याचा दुसरा आरोप ठेवला, त्यावर मात्र दोषी ठरवलं. नोव्हेंबरात पाच जणांना फाशी झाली. त्यातला जॉन स्पार्क्स नावाचा एक खलाशी मरण्यापूर्वी म्हणाला, की जहाज पळवण्याचं त्याला तितकंसं वाटत नाही, पण त्या जहाजावरच्या माणसांवर आपण जे अत्याचार केले ते डोळ्यांपुढून हलत नाहीत, आणि ही शिक्षा आपण त्यासाठी भोगतो आहोत असं तो मानतो.